जुनी फियाट: पुन्हा चालती करायची की भंगारात? माझा अनुभव

आधी आरसी बुक मागा, मग बॉनेट उघडा. मी उलटं केलं, म्हणून तो आरटीओचा काउंटर आठवला की अजून डोकं तापतं.

गाडी आंब्याखाली कित्येक पावसाळे उभी. इंजिन जाम, पण त्याला घाबरू नका. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे डिझेल सोडायचं, तीन-चार दिवस मुरू द्यायचं, मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हातानं पुढे-मागे हलवायचं. सेल्फ मारलात तर पिस्टनच्या रिंगा मोडतील. 1089 सीसीचं ते साधं इंजिन, जाणते मिस्त्री मिळतात.

पत्र्याचं तसं नाही. जीपचा पत्रा गेला तर चॅसीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, नवा चढतो. फियाटची बॉडी हीच चॅसी. गोव्याच्या दमट हवेत ती खालून कुजते. मॅट उचलून स्क्रूड्रायव्हर दाबत जा. फ्लोअरला भोकं चालतील, टिंकर (पत्राकाम करणारा) तुकडा घालतो. पण दरवाजाखालच्या पेटीत, मागच्या स्प्रिंगपाट्यांच्या हँगरपाशी किंवा पुढच्या सस्पेंशनच्या बैठकीत टोक आत शिरलं, तर हात जोडून घरी या. चुंबक चिकटला नाही तिथे खाली पुट्टी आहे. मी पाहिलेल्या गाडीची पेटी शाबूत निघाली आणि मी हुरळलो.

मग कागद. आरसी हातानं लिहिलेली, नंबर जीडीनं सुरू होणारा, मालक वारलेला. हा रेकॉर्ड सरकारच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत नव्हता, म्हणून आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद त्यात चढवणं. ती मार्गी लागल्यावर कळलं की नाव बदलायला फॉर्म 31 आणि वारसांचे कागद हवेत. गोव्यात हे सोपं नाही. इथल्या दिवाणी कायद्यानं बहुधा निम्मा हिस्सा बायकोचा, उरलेल्यात सगळी मुलं, लग्न होऊन गेलेल्या मुलीसुद्धा. उपनिबंधकाकडे वारसाहक्काचा दस्त करायचा, आणि एक वारस पोर्तुगालला! भंगाराच्या भावाच्या गाडीसाठी एवढं. तिसऱ्या खेपेला सांगितलं, चॅसी नंबरचा पेन्सिल प्रिंट आणा. पहिल्याच दिवशी तिन्ही गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

प्रिंटमध्ये एक आकडा 3 की 8 यावर आणखी दोन फेऱ्या. गंज काढायला ग्राइंडर अजिबात लावू नका, नंबरच पुसला जातो आणि मग खाडाखोड केल्याचा संशय तुमच्यावर. रॉकेलमध्ये बुडवलेला पितळी ब्रश हलक्या हातानं फिरवा, कोरडं पुसून खडू घासा, खाचांत पांढरं बसलं की आकडे उठून दिसतात. मग पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा. आमचा 8 होता.

पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटली असतील तर 2021 च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. पण ती गाडी रोज बाजाराला नेता येत नाही, आणि मूळ रूप बदललेलं चालत नाही. दुसरं इंजिन टाकायचा बेत असेल तर हा रस्ता सोडा.

आणि हो, पत्रा पाहताना एक राहिलं: फियाट जॅकवर उचला आणि दरवाजे उघडून लावून बघा. अडकले तर पेटी वरून कितीही चांगली दिसो, इसार देऊ नका.