जबड्यातली इंजेक्शने

झोपेत दात खाण्याच्या सवयीमुळे सकाळी माझी कानशिले ठणकत असत आणि भाकरीचा तुकडा चावतानाही जबडा आखडत असे. दंतवैद्य बाईंनी मला दात घट्ट आवळायला सांगितले, गालाच्या मागच्या कोपऱ्यात फुगून आलेला चावण्याचा स्नायू बोटांनी चाचपून पेन्सिलीने आखून घेतला आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन ठिकाणी बारीक सुईने बोटॉक्स हे स्नायू सैल करणारे औषध टोचले.

बोटॉक्समुळे मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला मिळणारा ॲसिटिलकोलीन या रसायनाचा निरोप अडतो. परिणाम काही दिवसांत जाणवू लागतो आणि साधारण ३ ते ४ महिन्यांत ओसरतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने भुवयांमधल्या आठ्यांसाठी त्याला २००२ मध्ये मान्यता दिली, पण जबड्यासाठीचा वापर त्या मान्यतेत बसत नाही, आणि औषध शेजारच्या स्नायूत पसरल्यास हसू काही काळ वाकडे होऊ शकते, हे बाईंनी सुई हातात घेण्यापूर्वीच सांगितले, याचे मला फार मोल वाटते. स्नायू बारीक होऊन चेहरा निमुळता दिसतो, म्हणून अनेकजण केवळ रूपासाठी हा उपचार घेतात. मला मात्र दुखणे थांबायला हवे होते. तिसऱ्या आठवड्यात भाकरी सुखाने चावता आली. रात्री दातांवर बसवायचा नाइट गार्ड अजून घालतेच, कारण इंजेक्शनाने चावण्याचा जोर कमी झाला आहे, सवय गेलेली नाही.