गाणे प्रसिद्ध करणे सोपे झाले, सांभाळणे नाही

स्वतःचे गाणे स्वतःच्या खर्चाने प्रसिद्ध करण्याची वाट इंटरनेटने दाखवली, असा समज सर्रास आढळतो, पण तो खरा नाही. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने 1976 च्या डिसेंबरात मित्रांकडून आणि घरच्यांकडून 500 पौंड उसने घेऊन चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी 1977 मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ या नावाने त्यांची तबकडी काढली. पहिल्या खेपेला 1,000 प्रती काढल्या होत्या. वेष्टनाच्या मागच्या बाजूला कोणत्या गाण्याचा कितवा टेक वापरला आहे हेसुद्धा छापलेले होते. गाणे कसे तयार होते यात झाकून ठेवण्यासारखे काही नाही आणि हे तुम्हालाही जमेल, असेच ते वेष्टन घेणाऱ्याला सांगत होते. त्या काळी स्वतंत्र कलाकारापुढच्या मुख्य अडचणी दोन होत्या: प्रती काढण्याचा खर्च आणि त्या दुकानात मांडायला मिळणारी जागा. ज्याच्या मागे रेकॉर्ड कंपनी नसे, त्याला या दोन्ही गोष्टींसाठी उंबरठे झिजवावे लागत.

या दोन अडचणी इंटरनेटने खरोखरच दूर केल्या आणि त्याचे श्रेय त्याला मोकळ्या मनाने द्यायला हवे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत विकसित झालेल्या तंत्राला 1995 मध्ये ‘एमपी3’ हे नाव मिळाले आणि सीडीवरच्या ध्वनीच्या सुमारे एक दशांश जागेत मावणारे गाणे संथ टेलिफोन जोडणीवरूनही पाठवता येऊ लागले. 1998 च्या सुमारास डेरेक सिव्हर्स या संगीतकाराने स्वतःची सीडी विकण्यासाठी एक संकेतस्थळ उभारले. ओळखीचे कलाकार आमचीही ठेवा म्हणू लागले आणि त्यातूनच सीडी बेबी हे स्वतंत्र कलाकारांचे दुकान उभे राहिले. पुढे गाण्यांच्या फाइल फुकट वाटून घेण्याची नॅप्स्टर ही सेवा आली आणि गेली, गाणी विकणारे आयट्यून्स हे दुकान आले आणि शेवटी स्ट्रीमिंग, म्हणजे फाइल विकत न घेता इंटरनेटवरून थेट गाणी ऐकणे, स्थिरावले. या सगळ्या उलथापालथीत गाण्याचा प्रसार कलाकाराच्या हाती आला हे खरे, पण ऐकणाऱ्याशी असलेले त्याचे नाते मात्र त्याच्या हातातून निसटून प्लॅटफॉर्मच्या ताब्यात गेले. पैशांची तक्रार सगळेच करतात आणि ती रास्तच आहे. मला त्याहून मोठे नुकसान हे नाते निसटण्याचे वाटते.

आज एखादे गाणे प्रसिद्ध कसे होते ते जरा जवळून पाहू. मोठ्या स्ट्रीमिंग सेवांवर कलाकाराला सहसा थेट गाणे चढवता येत नाही. मध्ये डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणी या सेवांपर्यंत पोहोचवणारा मध्यस्थ, लागतो. तो वर्षाची ठरावीक फी घेतो किंवा मिळकतीतला हिस्सा ठेवतो. त्याच्या फॉर्मवर ध्वनिमुद्रणाची पूर्ण दर्जाची वॅव फाइल जोडायची, 3,000 बाय 3,000 पिक्सेलचे चौकोनी मुखपृष्ठ द्यायचे, गीतकार आणि संगीतकार यांची कायदेशीर नावे भरायची आणि प्रकाशनाची तारीख काही आठवडे पुढची टाकायची, कारण प्लेलिस्टच्या संपादकांना गाणे सुचवायचे तर ते आधी त्यांच्याकडे पोहोचलेले असावे लागते. मग त्या ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो आणि जगात कुठेही ते गाणे वाजले तरी त्याचा हिशेब या क्रमांकावरून लागतो. गाण्याची ओळख इतकी या क्रमांकावर अवलंबून असूनही चुका होतातच. माझ्या ओळखीच्या एका बँडचा पहिला अल्बम त्याच नावाच्या भलत्याच कलाकाराच्या पानावर जाऊन बसला आणि तो हलवून घेण्यात प्रकाशनानंतरचे सगळे महत्त्वाचे दिवस वाया गेले. डिस्ट्रिब्युटर सेवेकडे बोट दाखवत होता, सेवा डिस्ट्रिब्युटरकडे. ज्यांनी ते गाणे रचले, वाजवले आणि स्वतःच्या पैशांनी ध्वनिमुद्रित केले, त्यांना मात्र स्वतःच्या नावाखालचे पान दुरुस्त करण्याचा अधिकार नव्हता. वार्षिक फी थकली तर काही डिस्ट्रिब्युटर गाणी सरळ उतरवून टाकतात, हेही पुष्कळ कलाकारांना फार उशिरा कळते.

आता पैशांकडे वळू. बहुतेक सेवा वर्गणी आणि जाहिरातींतून आलेली रक्कम एकत्र करतात, साधारण तिसरा हिस्सा स्वतःकडे ठेवतात आणि उरलेली रक्कम एकूण ऐकण्याच्या प्रमाणात हक्कधारकांना वाटतात. ऐकायला हे न्याय्य वाटते, पण प्रत्यक्षात काय होते ते एका लहान उदाहरणावरून दिसेल. समजा, एका सेवेचे दोनच वर्गणीदार आहेत आणि दोघेही महिन्याला 100 भरतात. सेवेने 30 टक्के काढून घेतल्यावर 140 उरले. पहिला वर्गणीदार दिवसभर काम करताना एकाच लोकप्रिय गायकाची गाणी लावून ठेवतो आणि महिन्यात 900 वेळा ती वाजतात. दुसरा निवांत वेळ काढून एकाच छोट्या बँडची गाणी ऐकतो आणि ती 100 वेळा वाजतात. एकूण 1,000 पैकी बँडच्या वाट्याला एक दशांश, म्हणजे 14 येतात. दुसऱ्या वर्गणीदाराने त्या बँडखेरीज कोणालाही ऐकलेले नाही, तरीही त्याच्या 70 पैकी 56 त्याने कधीच न ऐकलेल्या गायकाकडे जातात. ज्याने मन लावून ऐकले त्याचे पैसे, ज्याने नुसते वाजत ठेवले त्याच्या आवडीकडे वळतात, हे मला या व्यवस्थेतले मूळ दुखणे वाटते.

याला पर्याय आहे आणि तो कोणी वापरूनच पाहिलेला नाही असेही नाही. साउंडक्लाउड या संगीत सेवेने 2021 मध्ये स्वतंत्र कलाकारांसाठी प्रत्येक श्रोत्याची रक्कम त्याने ऐकलेल्या कलाकारांतच वाटण्याची पद्धत सुरू केली. या पद्धतीने छोटा कलाकार श्रीमंत होईल असा माझा दावा नाही; एकच श्रोता पन्नास कलाकार ऐकत असेल तर प्रत्येकाच्या हाती थोडेच लागणार. पण श्रोत्याचा पैसा त्याच्या आवडीच्या माणसाकडे जाईल, एवढा सरळपणा तरी व्यवहारात येईल. मोठ्या सेवांची पावले मात्र उलट दिशेने पडत आहेत. डीझर या स्ट्रीमिंग सेवेने 2023 मध्ये युनिव्हर्सल या मोठ्या रेकॉर्ड कंपनीबरोबर मिळून जी नवी पद्धत आणली, तिच्यात महिन्याला किमान 500 वेगवेगळ्या श्रोत्यांकडून 1,000 वेळा ऐकल्या गेलेल्या कलाकाराच्या गाण्यांना दुप्पट वजन मिळते. स्पॉटिफाय या स्ट्रीमिंग सेवेने 2024 पासून असा नियम केला की मागच्या बारा महिन्यांत 1,000 वेळा वाजले नाही त्या ध्वनिमुद्रणाला काहीच मिळणार नाही. इतक्या कमी वाजलेल्या गाण्याची रक्कम अगदी किरकोळ असते आणि डिस्ट्रिब्युटरच्या किमान मर्यादेमुळे ती कलाकारापर्यंत पोहोचतही नाही, असे कंपनीचे म्हणणे आहे. एका गाण्यापुरते ते बरोबर आहे. परंतु अशी गाणी कोट्यवधी आहेत आणि त्यांची एकत्रित रक्कम उरलेल्या गाण्यांत, म्हणजे आधीच जास्त वाजणाऱ्यांत वाटली जाते. ज्याच्याकडे कमी आहे त्याच्याकडून घेऊन ज्याच्याकडे जास्त आहे त्याला द्यायचे आणि रक्कम लहान आहे म्हणून त्याचे समर्थन करायचे, हे मला पटत नाही.

येथे व्हल्फपेक या बँडचा 2014 मधला प्रयोग आठवतो. स्पॉटिफायच्या नियमाप्रमाणे गाणे 30 सेकंद ऐकले की त्याची नोंद होते, म्हणून त्यांनी तेवढ्याहून किंचित लांबीच्या दहा निव्वळ शांततेच्या ध्वनिफिती ‘स्लीपिफाय’ या नावाने प्रसिद्ध केल्या आणि चाहत्यांना त्या रात्री झोपताना लावून ठेवण्याची विनंती केली. सेवेने तो अल्बम उतरवला, पण तोवर सुमारे 20,000 डॉलर जमले होते आणि त्यातून बँडने श्रोत्यांसाठी विनामूल्य कार्यक्रम केले. ज्या मोजपट्टीला शांतता आणि संगीत यांतला फरक कळत नाही, तिच्यावर आज कलाकाराची कमाई ठरते. गाण्यांचे सुरुवातीचे संगीत आखूड होत जाणे आणि मुखडा लवकर येणे हाही याच मोजपट्टीचा परिणाम आहे, असे मला वाटते.

याहून गंभीर प्रकार शिफारशींचा आहे. स्पॉटिफायच्या डिस्कव्हरी मोड या योजनेत कलाकाराने ठरावीक गाण्यांवर कमी मानधन स्वीकारले, तर ती गाणी श्रोत्यांना आपोआप सुचवली जाण्याची शक्यता वाढते. पैसे घेऊन रेडिओवर गाणी वाजवण्याच्या प्रकारावरून अमेरिकेत मोठा गदारोळ झाला तेव्हा 1960 मध्ये कायद्याने असे बंधन घातले की पैसे घेतले असतील तर ते श्रोत्यांना सांगितले पाहिजे. आपल्यापुढे आलेले गाणे आवडीनुसार आले की सवलतीच्या बदल्यात आले, हे आजच्या श्रोत्यालाही त्या गाण्याशेजारीच दिसायला हवे.

थेट विक्रीचा मार्ग मला म्हणूनच मोलाचा वाटतो. 2008 मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्प या संकेतस्थळावर श्रोता अल्बम विकत घेतो, फ्लॅक या मूळ दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपातली फाइल उतरवून घेतो आणि त्याची इच्छा असेल तर सांगितलेल्या किमतीपेक्षा जास्त रक्कमही देतो. कंपनी डिजिटल विक्रीवर 15 टक्के आणि वस्तूंवर 10 टक्के घेते. महासाथीत कार्यक्रम बंद पडले तेव्हा 20 मार्च 2020 या शुक्रवारी कंपनीने आपला हिस्सा सोडला आणि पुढे असे अनेक शुक्रवार पाळले गेले. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे: विकत घेणाऱ्याने परवानगी दिली की त्याचा ईमेल पत्ता कलाकाराला मिळतो. नवा अल्बम आला, जवळपास कार्यक्रम ठरला, तर मधल्या कोणालाही न विचारता त्याला पत्र लिहिता येते. स्ट्रीमिंगवर कोणत्या शहरात किती जणांनी गाणे ऐकले याचे सुबक आलेख कलाकाराला दिसतात, पण त्यातल्या एकाही माणसापर्यंत तो स्वतःहून पोहोचू शकत नाही.

अर्थात बँडकॅम्पही शेवटी कोणाच्या तरी मालकीचे दुकान आहे. 2022 मध्ये ते एपिक गेम्स या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीने घेतले, 2023 मध्ये साँगट्रॅडर या संगीत परवान्यांच्या कंपनीला विकले आणि त्या व्यवहारात जवळजवळ निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. चांगल्या कंपनीवर विसंबणे हे शेवटी विसंबणेच असते. एमपी3डॉटकॉम या स्थळावर स्वतंत्र कलाकारांनी चढवलेला प्रचंड संग्रह 2003 च्या अखेरीस मालकी बदलताना नाहीसा झाला. चाहत्यांकडून आगाऊ पैसे गोळा करून देणारी प्लेजम्युझिक ही कंपनी 2019 मध्ये बुडाली आणि ज्या अल्बमसाठी लोकांनी रक्कम भरली होती, त्या अल्बमच्या कलाकारांचे पैसे अडकले. त्याच वर्षी मायस्पेस या जुन्या समाजमाध्यमाने मान्य केले की सर्व्हर हलवताना जुन्या फाइल गेल्या. सुमारे 1 कोटी 40 लाख कलाकारांची 5 कोटींहून अधिक गाणी त्यात गेली असावीत, असे आकडे तेव्हा प्रसिद्ध झाले. त्यातली सुमारे 4 लाख 90 हजार गाणी कोणीतरी संशोधनासाठी आधीच उतरवून ठेवली होती म्हणून इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल संग्रहालयावर आज ऐकायला मिळतात. बाकीच्यांपैकी कित्येक गाणी अशा मुलामुलींची असतील, ज्यांच्याकडे दुसरी प्रतच नव्हती. कोणत्याही सेवेने बंद होताना किंवा विकली जाताना कलाकारांना पुरेशी मुदत द्यावी आणि मूळ फाइल, श्रेये व श्रोत्यांची यादी परत न्यायची सोय करावी, एवढा नियम तरी सर्वत्र व्हायला हवा. ज्यांच्या गाण्यांवर वर्षानुवर्षे जाहिराती विकल्या, त्यांच्या बाबतीत हे फार मोठे मागणे नाही.

आता तर यंत्राने तयार केलेल्या गाण्यांचा लोंढा आला आहे. आपण बारा महिन्यांत साडेसात कोटी बनावट आणि निव्वळ भरणा म्हणून टाकलेल्या ध्वनिफिती काढून टाकल्याचे स्पॉटिफायने सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर केले. डीझरने त्याच वर्षापासून पूर्णपणे यंत्रनिर्मित संगीतावर तशी खूण करायला सुरुवात केली. या गर्दीत खऱ्या माणसाला त्याच्या श्रेयनामावलीवरूनच ओळखता येईल: बास कोणी वाजवला, मिक्सिंग कोणी केले, ध्वनिमुद्रण कुठे झाले. ही माहिती फॉर्मवर भरून घेतली जाते आणि श्रोत्याला मात्र दोन-तीन पडदे उघडल्यावर अर्धवट दिसते. म्हणून माझ्या ओळखीच्या कलाकारांना मी आग्रहाने सांगत असतो की मूळ ध्वनिमुद्रणाच्या प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, स्वतःच्या नावाचे एक साधे संकेतस्थळ चालवा, अल्बमचे पूर्ण श्रेय तिथे लिहा आणि ईमेल पत्त्यांची यादी पहिल्या कार्यक्रमापासून जमवायला लागा. श्रोता म्हणून मी स्वतः स्ट्रीमिंगवर नवे संगीत शोधतो, आणि जो अल्बम पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटतो तो कलाकाराकडून विकत घेऊन त्याची फ्लॅक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवतो. एखाद्या कलाकाराकडे विक्रीची सोयच नसेल, तर मी त्याला पत्र लिहून अल्बम कुठे विकत मिळेल ते विचारतो. आजवर बहुतेकांनी उत्तर दिले आहे, आणि काहींनी त्या विचारणेनंतर खरोखरच विक्रीचे पान सुरू केले आहे.