गौरीजेवणाच्या रात्रीचं बिल

आई-बाबांचं परतीचं तिकीट 31 ऑगस्ट 2024 चं होतं. "गौरी-गणपती तुझ्याकडे होऊ देत, मग जाऊ," असं बाबाच म्हणाले आणि आम्ही तिकीट महिनाभर पुढे ढकललं. विमा ढकलायचा राहिला. त्यांची पॉलिसी ऑगस्टअखेर संपली आणि ती वाढवायला लागणारी दहा मिनिटं लेकीची शाळा, ऑफिसातली धावपळ आणि मखर यांत कुठे गेली कळलं नाही.

11 सप्टेंबरला गौरीजेवण झालं. रात्री साडेदहाला आई पोट धरून जिन्याच्या पायरीवर बसली. चेहरा पांढरा, घाम, उजव्या बरगडीखाली कळ. न्यू जर्सीतल्या आमच्या घरापासून इमर्जन्सी दहा मिनिटांवर आहे. गाडीतच मला पॉलिसीची आठवण झाली. नवऱ्याकडे पाहिलं, त्यालाही झाली होती. दोघंही बोललो नाही.

आत गेल्यावर जे झालं ते आधी सांगते, कारण बिलाच्या रागात मी ते विसरू नये असं मला वाटतं. पैशांचा विषयच कोणी काढला नाही. ईसीजी, रक्त, सलाईन, वेदनेचं इंजेक्शन आणि मग सोनोग्राफी. 1986 च्या कायद्यानं इथल्या इमर्जन्सीला आलेल्या कोणाचीही तपासणी करणं आणि जीवाचा धोका टाळणं बंधनकारक आहे, खिशात काही असो वा नसो. नाव-पत्ता विचारणारी बाई चाकाच्या टेबलावर कॉम्प्युटर घेऊन खाटेपाशी आली, तीही तासाभरानं. "विमा?" "नाही." तिनं एक खूण केली आणि गेली. त्या खुणेचा अर्थ मला तीन आठवड्यांनी कळला.

शेजारच्या पडद्याआड एक माणूस होता. पँटवर रंगाचे डाग, हाताला टॉवेल गुंडाळलेला. जखम धुऊन झाल्यावर एक्स-रे काढू म्हणाले, तेव्हा त्यानं स्पॅनिशमध्ये किती होतील ते विचारलं. उत्तर कोणाकडेच नव्हतं. तो उठला, कागदावर सही केली आणि हात छातीशी धरून निघून गेला. 2023 मध्ये या देशात सुमारे 2 कोटी 60 लाख लोकांकडे कसलाही आरोग्य विमा नव्हता. तो आकडा मी आधीही वाचला होता. त्या रात्री तो टॉवेल पाहिला.

आईच्या पित्ताशयात खडे होते. सीटी स्कॅन झाला, रात्रभर देखरेखीखाली ठेवलं, सकाळी कळ थांबली. ऑपरेशन भारतात जाऊन केलं तरी चालेल, म्हणाले. घरी येऊन तिनं वरणभात खाल्ला आणि गौरींच्या विसर्जनाला उभी राहिली.

मग बिलं आली. हॉस्पिटलचं 21,860 डॉलर. इमर्जन्सीच्या डॉक्टरांचं वेगळं, 1,740. स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांचं आणखी वेगळं. त्यांना आम्ही पाहिलंही नाही. बाबांनी वहीत 21,860 ला 84 नं गुणलं. 18 लाख 36 हजार. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होताना त्यांना जे हातात मिळालं होतं, त्याहून जास्त.

मला सगळ्यात जास्त कशाचा राग आला सांगू? रकमेचा नाही. ती रक्कम खरी नसते याचा. हॉस्पिटलचं एक अवाढव्य दरपत्रक असतं. विमा कंपन्या त्या दरानं पैसे देत नाहीत, त्यांचे करार वेगळे आणि बरेच कमी. पूर्ण दर लागतो तो मागे कोणी उभं नसलेल्या माणसाला, म्हणजे त्या टॉवेलवाल्याला आणि माझ्या आईला. 2021 पासून हे दर वेबसाइटवर लावणं सक्तीचं आहे. मी ती फाइल उघडली. हजारो ओळी, सगळी सांकेतिक नावं. विमा नसलेल्याला 2022 पासून आधी अंदाजपत्रक मिळतं आणि बिल 400 डॉलर किंवा त्याहून जास्त वाढलं तर दादही मागता येते. पण ते वेळ ठरवून केलेल्या उपचारांसाठी. पोटातली कळ वेळ ठरवून येत नाही.

फोन करत राहिले. ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं होतं, "आधी ओळीओळीचं बिल माग, तोवर एक पैसा भरू नकोस." ते मागितलं. एक रक्ततपासणी दोनदा लावली होती, ती निघाली. मग आर्थिक मदत विभागातल्या एका बाईंशी गाठ पडली. त्या बाईंनी माझ्यासाठी चाळीस मिनिटं दिली. राज्याच्या चॅरिटी केअरमध्ये, म्हणजे ऐपत नसलेल्यांच्या हॉस्पिटलच्या बिलाला मदत करणाऱ्या योजनेत, एकट्या माणसाची शिल्लक 7,500 डॉलर आणि कुटुंबाची 15,000 डॉलरच्या वर चालत नाही. बाबांच्या मुदत ठेवी त्याहून जास्त. "आपण धर्माचं घ्यायचं नाही," ते पलीकडून म्हणाले, पण मला घ्यायला काही वाटलं नसतं, बसत असतो तर. शेवटी स्वतः भरणाऱ्यांसाठीची सवलत मिळून 7,900 ठरले, 24 बिनव्याजी हप्त्यांत. न विचारणारा माणूस 21,860 भरतो.

नातेवाइकांच्या ग्रुपवर मावसभावानं लिहिलं, "मिरजेत पन्नास-साठ हजारांत ऑपरेशनसकट झालं असतं." झालंच तसं. नोव्हेंबरमध्ये मिरजेत ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी खर्च आधीच चिठ्ठीवर लिहून दिला. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. दवाखान्यांचं गाव म्हणून मिरजेचा मला अभिमान आहे. 1894 मध्ये वानलेस डॉक्टरांनी तिथे रुग्णालय काढलं ते अमेरिकन मिशनतर्फे, हेही त्या दिवसांत खूपदा आठवलं. पण त्याच मावसभावाला मी हेही लिहिलं, की काकांना अपघात झाला त्या रात्री पुण्यात अनामत भरेपर्यंत आपण काउंटरवर उभे होतो. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, हे तेव्हा आपल्याला कोणी सांगितलं होतं? तो गप्प बसला. मला जिंकल्यासारखं वाटलं नाही.

आणि पॉलिसी असती तरी काय, असंही मनात येतं. सहा वर्षांपूर्वीच्या सोनोग्राफीत आईचे "लहान खडे" लिहून आलेले होते. पूर्वीचा आजार म्हणून कंपनीनं हात वर केले असते, बहुतेक. बहुतेक. नोकरीच्या विम्यात मुलं आणि नवरा घेता येतात, आई-वडील नाहीत. तरी तिकीट पुढे ढकलणाऱ्यांनो, त्याच बैठकीत पॉलिसी वाढवा, आणि जुन्या आजारावर ती काय देते ते वाक्य स्वतः वाचा.

आईला आम्ही खरा आकडा सांगितलेला नाही. बाबांनी ते वहीचं पान फाडून टाकलं. परवा व्हिडिओवर तिनं पुन्हा विचारलं, "पुरणात तूप जास्त झालं होतं का गं त्या दिवशी?"

"नाही गं आई," म्हटलं, "अगदी बरोबर होतं."