भावकीत तीन मारुती, पत्रिका कुणाला कशी घालायची

आमच्या सांगली साईडला आज्ज्याचं नाव नातवाला ठेवायची पद्धत अजून हाय, आणि आज्ज्याला तीन-चार पोरं असली की प्रत्येकाला वाटतं नाव आपल्याच घरात यावं. मग एकाच भावकीत एकाच आडनावाचे तीन मारुती निघतात. बाकी वर्षभर काही अडत नाही, पण घरात लग्न निघालं आणि पत्रिकांवर नावं टाकायची वेळ आली की डोक्याला ताप.

साधं उत्तर सगळ्यांना माहितीय, वडलांचं नाव मधे घाला. पण पूर्ण घाला ओ! 'मारुती सं.' असं लिहिलं तर संपतरावांचा का संभाजीरावांचा, कळणार कसं? आणि लांबच्या चुलत घरांत वडलांची नावंपण जुळतात, मग सातबाऱ्यावर असतं तसं 'ऊर्फ' लावावं म्हटलं तर तिथं वेगळीच गंमत. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून आज्ज्याचं नाव ठेवलेल्या पोराला घरात आबा म्हणतात, त्यामुळं सगळेच मारुती आबा! अशा वेळी सरळ मळ्यातले, वेशीजवळचे, मिरजेचे असं लिहावं, कुणाला राग येत नाही.

राग येतो तो 'धाकटा मारुती' लिहिल्यावर. त्या धाकट्याची पोरगी लग्नाच्या वयाची झालेली असते. आणि मागं घरातल्या घरात जी नावं चालतात, काळा, बारका, उधारीवाला, ती पाकिटाच्या मागं पेन्सिलनंसुद्धा नको, खोडलेलं दिसतंच.

बायकांचं त्यामानानं सोपं, दोन सुनिता असल्या तर नवऱ्याच्या नावानं फरक कळतो. फक्त चुलते गेले असतील तर चुलतीचं नाव पहिलं, पोराचं नंतर, आणि नुसतं श्रीमती लावा. ते गं.भा. आता बंद करायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत.

चूल वेगळी तर पत्रिका वेगळी, हे तर पाळाच. 'दोघंबी मारुतीच, एकातच घालू' असली काटकसर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावी लागते. पहिली पत्रिका गणपतीला, मग कुलदैवत, मग मामा, हे ठरलेलं, पण एका नावाच्या पाव्हण्यांत वयानं मोठा त्याच्याकडं आधी जायचं आणि शक्यतो सगळ्यांकडं एकाच दिवशी. विटा-खानापूरकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारे, असले तर पोरगं तिकडं तमिळनाडूत नायतर केरळात, आईवडील गावात. गावातल्या घरी दिली म्हणजे त्याला पोचली असं धरू नका, त्याला वेगळा फोन करा. व्हॉट्सॲपला नुसती पीडीएफ टाकू नका, वर 'मारुतीदादा आणि वहिनी' असं नात्यानं लिहा, म्हणजे चुकून दुसऱ्या मारुतीला गेली तर तो स्वतःच सांगतो की मी काका लागतो तुझा.

आणि पाकिटावर लिहिलं तेच अख्खं नाव आहेराच्या वहीत यायला पाहिजे. नुसतं 'मारुती, ५०१' लिहून ठेवलं की पुढं त्यांच्यातलं लग्न निघाल्यावर आहेर परत कुणाला किती करायचा यावर आई-बाबांची भांडणं. वही लिहायला पुण्या-मुंबईचं पोरगं बसवलं असेल तर शेजारी भावकीतला एक म्हातारा बसवा, चहा जरा जास्त लागंल एवढंच.