काओरचा तीन बुरुजांचा पूल

आषाढी वारी पायी केलेल्या माणसाला सांतियागोच्या ख्रिस्ती यात्रेच्या वाटेवर आधी खटकते ती शांतता. टाळ नाही, दिंडी नाही, तळावर पंगत नाही. फ्रान्समधल्या ल पुईपासून स्पेनमधल्या सांतियागोपर्यंत सुमारे १,५०० किलोमीटर. झाडांवर, दगडांवर रंगवलेले लाल-पांढरे पट्टे हेच इथले चोपदार.

खुरट्या ओकचं कोरडं पठार संपवून उतरलो की खाली फ्रान्समधलं काओर दिसतं. लॉट नदीने शहराला तीन बाजूंनी वेढलंय. तेराव्या शतकात इथले सावकार युरोपभर पैसा फिरवत आणि तितक्याच शिव्या खात. तिजोऱ्या भरलेल्या गावाला तटबंदी लागणारच. सेंट एतियेन कॅथेड्रलचे दोन घुमट पाहून मी पश्चिमेला व्हॅलांत्रे पुलाकडे गेलो.

हा पूल यात्रेकरूंसाठी बांधला असेल असं वाटतं, पण ते खरं नाही. तो किल्लाच आहे. सहा टोकदार कमानी, वर तीन चौकोनी बुरूज आणि खालून जाणारा रस्ता अडवायला दरवाजे. १३०८ मध्ये पाया घातला, काम सत्तरेक वर्षं रेंगाळलं. १५८० मध्ये नवारच्या हेन्रीने, म्हणजे पुढे फ्रान्सचा राजा झालेल्या चौथ्या हेन्रीने, शहर जिंकलं, तेही या पुलाच्या वाटेला न जाता.

सोबत चालणाऱ्या एका फ्रेंच आजींनी गोष्ट सांगितली. काम उरकत नाही म्हणून गवंड्याने सैतानाला आत्मा कबूल केला. शेवटी मात्र चुना कालवायला पाणी चाळणीतून आणायला सांगितलं. सैतान हरला, आणि चिडून मधल्या बुरुजाच्या टोकाचा एक दगड रोज रात्री पळवू लागला. मी त्यांना पुंडलिकाची वीट सांगितली. "म्हणजे तुमचा देव अजून ताटकळतोय?" आजींनी विचारलं. हो म्हटलं.

तो सैतान वर दिसतो, दगडाच्या कोपऱ्याला लोंबकळलेला. सगळे मान वर करून त्याचे फोटो काढतात. पण तो मध्ययुगातला नव्हे. १८७९ च्या दुरुस्तीत वास्तुविशारदाने हौसेने बसवलाय. मला तर ही हौस मूळच्या बांधकामाइतकीच आवडली.

पूल संपतो तिथेच समोर कडा उभा राहतो आणि वाट सरळ त्याच्यावर चढते. पाणी शहरातच भरून घ्या. वर पुन्हा चुनखडीचं पठार आहे.