देव एक, पुस्तक एक, मग चर्चेस इतकी का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'तुम्हां ख्रिस्ती लोकांचा देव एक, पुस्तक एक, मग एवढी वेगवेगळी चर्चेस कशाला? सगळे मिळून एक का होत नाही?' हा प्रश्न मला ऑफिसात विचारतात, लोकलमध्ये विचारतात, मुलीच्या शाळेत पालकसभेला थांबलेलं असतानाही विचारलेला आहे. विचारण्यात खोच नसते, कुतूहल असतं. आणि मलाच विचारतात याचं कारणही उघड आहे. माझं माहेर नेवाशाकडचं, प्रोटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक.

लोकांना वाटतं, मी आता पोपशी भांडून प्रोटेस्टंट वाट सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरपासून सुरुवात करणार. पण ल्यूथरचा माझ्या आजोबांशी काडीचाही संबंध नव्हता. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांची मंडळी, म्हणजे त्यांचं चर्च, काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच बघते त्या) पद्धतीची, कारण नगर जिल्ह्यात काम करायला आलं ते अमेरिकन मराठी मिशन. १८१३ साली मुंबईत उतरलेले हे लोक १८३१ मध्ये नगरला पोचले. आजोबांचा जन्म कोल्हापूरकडे झाला असता तर ते प्रेस्बिटेरियन असते, नाशकात झाला असता तर अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे, यवतमाळात फ्री मेथॉडिस्ट आणि बुलढाण्यात नाझरीन. हे सगळे प्रोटेस्टंटांचेच पंथ. मिशनांनी एकमेकांच्या पायात पाय नको म्हणून मुलूख वाटून घेतले होते. त्यामुळे आमच्याकडे माणसाचा पंथ त्याच्या विचारांवरून कळत नाही, जिल्ह्यावरून कळतो. आपल्या पूर्वजांनी चार पंथांची तुलना करून एक निवडला, असं सांगणारा ख्रिस्ती माणूस भेटला तर खुशाल समजा की तो पदरचं सांगतोय.

नगर जिल्ह्यात मात्र ही वाटणी टिकली नाही. अमेरिकन मिशनच्या मागून इंग्लंडची एसपीजी ही मिशनसंस्था आली, म्हणजे अँग्लिकन. मग कॅथलिकांचे जेझुइट फादर आले, मुक्तिफौज (साल्वेशन आर्मी) आली. दुष्काळाचे दिवस होते, माणसं शेकड्यांनी येत होती, आणि मिशनांमध्ये 'ही आमची माणसं, ती तुमची' अशी ओढाताण सुरू झाली. त्याचा परिणाम आजही दिसतो. एकाच घराण्यातली एक पाती एसपीजीची, दुसरी अमेरिकन मिशनची आणि तिसरी कॅथलिक, सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या (मरियेच्या) यात्रेला जाणारी. आडनाव एक, भावकी एक, लग्नातला मान एक, फक्त रविवारी तोंडं तीन दिशांना.

वसईची गोष्ट याच्या तीनशे वर्षं आधीची. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि तिथले लोक कॅथलिक झाले. चिमाजी अप्पांनी १७३९ साली किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पण गावोगावची चर्च राहिली. सासूबाईंच्या लहानपणी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये व्हायची. प्रोटेस्टंटांच्या चर्चमध्ये पाऊल टाकणं पाप, असं त्यांना शिकवलं होतं. पुढे रोममध्ये जगभरच्या कॅथलिक बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, नोव्हेंबर १९६४ मध्ये तिने ख्रिस्ती ऐक्याबद्दलचा आदेश काढला, मिस्सा मराठीत आली आणि 'पाखंडी' म्हणून ज्यांना ओळखायचं ते 'आपल्यापासून दुरावलेले बंधू' झाले. सासूबाईंना त्या आदेशाची काही खबर नव्हती. त्यांना बदल कळला तो माझ्या लग्नात, माझे पाळक, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, त्यांच्या फादरच्या शेजारी अल्तारापाशी उभे राहिलेले पाहून.

आता 'एक का होत नाही' याबद्दल. झालो की! सगळे नाही, पण पुष्कळ झालो. दक्षिणेत २७ सप्टेंबर १९४७ ला, स्वातंत्र्यानंतर दीड महिन्यात, वेगवेगळे प्रोटेस्टंट पंथ मिळून चर्च ऑफ साउथ इंडिया झाली. उत्तरेकडच्यांनी १९२९ पासून बोलणी चालवली आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, स्थापन केली. अँग्लिकन, आधीच एक झालेल्या काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियनांची युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथॉडिस्ट, असे सहाजण एका छपराखाली आले. अमेरिकन परंपरेतले मेथॉडिस्ट ऐनवेळी मागे फिरले. पत्रिका छापून झाल्यावर रुसून बसणारे आपल्याकडे काय कमी आहेत?

चाळीस वर्षं बोलत काय होते, असं तुम्हाला वाटेल. दोन गाठी सुटत नव्हत्या. पहिली बाप्तिस्म्याची, म्हणजे ख्रिस्ती होताना पाण्याने होणाऱ्या विधीची. अँग्लिकन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात; बाप्टिस्ट म्हणतात, कळत्या वयात स्वतः कबुली दिल्याशिवाय बाप्तिस्मा नाहीच. शेवटी दोन्ही रीती मान्य केल्या, कुटुंबाने आपापली निवडावी. दुसरी गाठ बिशपची, म्हणजे डोक्यावर हात ठेवून पाळकांना दीक्षा देणाऱ्या वरच्या धर्मगुरूची. ज्या पाळकांवर कधी बिशपने हात ठेवलेला नाही, त्यांची दीक्षा धरायची की नाही? अँग्लिकनांना ती अपुरी वाटायची आणि बाकीच्यांना 'अपुरी' म्हणवून घेणं म्हणजे अपमान. तेव्हा तोडगा असा काढला की नागपुरात सगळ्या परंपरांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. कुणाला काय मिळालं हे देवाला ठाऊक. माणसांनी त्याचा हिशेब मागायचा नाही. मला हा तोडगा फार आवडतो. धर्मशास्त्राच्या काही पंडितांना तो पळवाट वाटतो. असेना का. घरातली कितीतरी भांडणं अशीच मिटतात.

मग अडलं कुठे? जमिनीत. मिशनांनी शाळा, दवाखाने, बंगले, कबरस्तानं मागे ठेवली होती, आणि ती सगळी वेगवेगळ्या न्यासांच्या नावावर. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की विलीन होण्याचा नुसता ठराव केल्याने सार्वजनिक न्यास विलीन होत नाही, त्याला कायद्याची रीत आहे. म्हणजे हात डोक्यावर ठेवले, पण सातबाऱ्यावरची नावं तशीच राहिली. आमच्या मंडळीच्या वार्षिक सभेत बाप्तिस्म्यावरून वाद झालेला मी कधी ऐकला नाही. कंपाउंडच्या भिंतीवरून खुर्च्या उचललेल्या पाहिल्यात.

घरातलं सांगते, कारण तुम्हाला खरं तेच ऐकायचं असतं. लग्नाच्या वेळी मला कॅथलिक व्हावं लागलं नाही, पुन्हा बाप्तिस्माही घ्यावा लागला नाही. पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं. बिशपांची परवानगी लागली, आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करीन असं वचन नवऱ्याने दिलं. 'वचन एकाच बाजूने का?' हा माझ्या वडिलांचा सवाल होता. त्याचं उत्तर त्यांना अजून मिळालेलं नाही आणि ते विचारायचेही थांबलेले नाहीत. तेच वडील रोज सकाळी बायबल वाचतात ते वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या मराठीत, आणि '२०२० ला धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आपले फादर होते' असं शेजाऱ्यांना ऐकवतात. 'आपले' हं!

छोटे फरक मजेचे आहेत. मुलगी लहान असताना आजोळी गेली की रविवारच्या शाळेत हमखास गोंधळ घालायची. सहावी आज्ञा कुठली, असं बाईंनी विचारलं की ही ठणठणीत आवाजात 'व्यभिचार करू नको' म्हणायची आणि बाकीची पोरं 'खून करू नको'. दोघांचंही बरोबर! कॅथलिक मोजणीत पहिल्या दोन आज्ञा एक धरतात, मग पुढचे सगळे आकडे सरकतात. प्रभूच्या प्रार्थनेचंही तसंच. लग्नाला, मौतीला दोन्हीकडची माणसं जमली की 'आम्हांला वाइटापासून सोडव' इथवर एका सुरात जातं. तिथे वसईकर थांबतात आणि नगरकर 'कारण राज्य, सामर्थ्य व गौरव' म्हणत पुढे निघतात. मध्येच थांबलेल्यांना वाटतं हे काय वाढवतायत, पुढे गेलेल्यांना वाटतं यांना येत नाही की काय. आता आमच्या घरात सासूबाईसुद्धा शेवटपर्यंत म्हणतात, जरा हळू आवाजात.

मोठा फरक प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत पाव-द्राक्षरस घेण्याचा; कॅथलिक त्यालाच ख्रिस्तप्रसाद म्हणतात. वसईच्या चर्चमध्ये मिस्सेत ख्रिस्तप्रसादासाठी रांग लागते. बाकावरचे सगळे उठतात, मी उठत नाही. गुडघे बाजूला करून माणसांना वाट देते. नवरा जातो, मुलगी जाते, सासूबाई काठी टेकत जातात. नवख्या माणसाला वाटतं, हिने काही मोठं पाप केलं असणार. माझ्या माहेरच्या चर्चमध्ये पाळक सांगतात की कुठल्याही मंडळीच्या सभासदाने या मेजाजवळ यावं, पावाचा तुकडा आणि द्राक्षरसाची ती इवलीशी पेली सगळ्यांपुढे येते, तेव्हा नवरा हात मांडीवर ठेवून बसतो, कारण त्याचं चर्च त्याला तिथे घेऊ नको म्हणतं. म्हणजे त्याच्याकडे मी बसलेली, माझ्याकडे तो. एकाच ताटात जेवणाऱ्या दोन माणसांना हे फार टोचतं. कॅथलिकांचं म्हणणं मला समजतं: आधी श्रद्धेत एक व्हा, मग एका मेजावर बसा. पण मला ते उलटं वाटतं. आधी बसू द्या, एक आपोआप होऊ. फादरांशी यावर बोलून झालंय. ते ऐकून घेतात, हसतात आणि नियम नियमाच्या जागी राहतो.

दर जानेवारीत १८ ते २५ तारखेला ऐक्याचा प्रार्थना-सप्ताह असतो. सगळे पाळक, फादर झग्यांसकट येतात, दोन गायकवृंद गातात, योहानाच्या सतराव्या अध्यायातलं 'त्या सर्वांनी एक व्हावे' वाचलं जातं, चहा-सामोसे होतात, फोटो निघतो. मी दरवर्षी जाते. तरीही माझं मत असं की या सप्ताहात जी एकी दिसते ती पाहुण्यांची असते. पाहुणे भांडत नाहीत, कारण त्यांना रात्री आपापल्या घरी जायचं असतं.

खरी कसोटी रोटी-बेटीची, आणि तिथे पंथाच्या मागे लपलेली जात बाहेर येते. याबद्दल आमचे लोक बाहेरच्यांपुढे बोलत नाहीत. नगरच्या बहुतेक मंडळ्या महार आणि मांग समाजांतून आल्या. ख्रिस्ती होऊन चार पिढ्या झाल्या तरी 'ते त्या आळीचे' हे लग्न ठरवताना पाहिलं जातं. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी यांच्यात पूर्वी कोण कुणाकडे मुलगी देत असे, हे सासूबाई डोळे मिटून सांगतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. कायद्याच्या लेखी बाप्तिस्म्याबरोबर जात संपली. गावाच्या लेखी ती संपली नाही आणि चर्चच्या बाकावरही नाही. माझ्या लग्नात दोन्हीकडच्या नातेवाइकांनी पोप, मरिया, जपमाळ असं सगळं काढलं. पण माझी मावशी आणि नवऱ्याची आत्या स्वयंपाकघरात दबक्या आवाजात जे बोलत होत्या, त्यात पोपचा विषय नव्हता.

हे आमच्या मोठ्यांच्याही ध्यानात आलं होतं. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण तिथले पंथोपपंथ पाहून त्या चक्रावल्या, आणि कुणा एकाच्या दावणीला बांधून घ्यायचं त्यांनी नाकारलं. केडगावचं मुक्ती मिशन त्यांनी पंथाबाहेर ठेवलं. कवी ना. वा. टिळक आमच्याच अमेरिकन मिशनचे. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत ते गेले आणि दरबारही फार टिकला नाही. गीतं मात्र राहिली. कबरस्तानात माती देताना कुणीतरी टिळकांचं गीत उचलतं, आणि सीएनआय, मेथॉडिस्ट, मुक्तिफौज, टाळ्या वाजवत 'हालेलूया' म्हणणारे नव्या मंडळ्यांचे विश्वासी, सगळ्यांना कडवी तोंडपाठ असतात. त्या वेळी तुम्ही कुठले, असं कुणी विचारत नाही.

लग्नाच्या वेळी विचारतात. आमची मुलगी आता लग्नाच्या वयाची झालीय आणि दोन्हीकडून स्थळं येताहेत. माझे वडील म्हणतात, 'मुलगा विश्वासी असला म्हणजे झालं.' सासूबाई म्हणतात, 'ख्रिस्ती असला की पुरे, आम्ही काय आता जुन्या विचारांचे राहिलोय का?' मग मी एखादं नाव सांगते, आणि दोघांचाही पुढचा प्रश्न एकच असतो: 'मूळचे कुठले म्हणायचे?'

मुलगी म्हणते, अजून दोन वर्षं मला काही विचारू नका.