परसातली फुलं ताटात येईपर्यंत

नेरळजवळ आमच्या घरामागे जी मोकळी जागा आहे तिला बाग म्हणणं जरा जास्तच होईल. एक हादगा, थोड्या केळी, कुंपणाला शेवगा, बाकी पावसाळ्यात उगवेल ते. यातलं बरंचसं खाता येतं हे ऐकून होते. प्रत्यक्ष खायला लागल्यावर कळलं की फुलाची भाजी शिजते पटकन, सगळा वेळ जातो तो नको ते काढून टाकण्यात.

पाऊस सरल्यावर हादगा फुलला, तेव्हा त्याच्यापासून सुरुवात केली. त्यात डोक्याला फार ताप नाही. पांढरं फूल उघडायचं, आतली वाकडी दांडी ओढून काढायची, नाहीतर कडवटपणा येतो. मग कांदा, हिरवी मिरची आणि वरून पेरलेलं बेसन. शेवग्याच्या फुलांना तर तेवढंही करावं लागत नाही, झाडून मुंग्या काढल्या की झालं. पण शेवग्याची फुलं खुडली की तितक्या शेंगा गेल्या, म्हणून घरात त्यावरून दरवेळी वाद होतो.

केळफुलाला मात्र दुपार मोडावी लागते. हाताला तेल चोळून बसायचं, कारण चिकाने बोटं काळी पडतात आणि कपड्यावरचा डाग जन्मात जात नाही. एकेक जांभळं पान उचललं की खाली फण्यांसारख्या कळ्या. प्रत्येक कळीतून टोकाला बोंड असलेली ताठ काडी आणि पारदर्शक पापुद्रा काढायचा. या दोन्ही गोष्टी कितीही शिजवल्या तरी शिजत नाहीत. आतला पांढरट गाभा मिळेपर्यंत हेच चालू. चिरलेलं सगळं रात्रभर ताकाच्या पाण्यात, सकाळी पिळून काळ्या वाटाण्यांबरोबर फोडणीला. सासूबाई निवडायला बसल्या की माझ्या दुप्पट वेगाने उरकतात आणि वर म्हणतात, "तू एकेका कळीशी गप्पा मारत बसतेस."

खरी कसोटी शेवळांची. मृगाचा पाऊस पडला की कुंपणापलीकडच्या पालापाचोळ्यातून हे कोंब जमिनीतून थेट वर येतात. पान नंतर येतं, सुरणाच्या पानासारखं, आधी फुलोरा. तो उमलायच्या आत काढायचा, उमलला की सडक्या मांसासारखा वास मारतो. सुरण आणि अळूच्याच कुळातलं असल्यामुळे यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. नीट निवडलं-शिजवलं नाही तर घसा धरतो.

आमच्याकडे उगवत असूनही ती कशी करायची हे मला बाजारात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या एका कातकरी मावशींनी शिकवलं. त्यांच्याकडे शेवळांच्या जुडीशेजारी हिरव्या, आंबट काकडांचा, म्हणजे काकड नावाच्या रानझाडाच्या फळांचा, वाटा असतोच. मी म्हटलं, "मावशी, शेवळं घरची आहेत, नुसती काकडं द्या." त्यांनी आधी माझी उलटतपासणी घेतली. "पिवळा भाग काढता ना ताय? तो ठेवू नका, लय खाजरा."

तर, वरचं आवरण सोडवलं की मधला दांडा दिसतो. त्यावरचा पिवळसर, दाणेदार भाग म्हणजेच खरी बारीक फुलं, आणि नेमका तोच फेकायचा. उरलेलं अगदी बारीक चिरायचं. मी तर हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घालूनच चिरते. मग सढळ तेलात रंग उतरेपर्यंत परतायचं. काकडं ठेचून, बिया काढून त्यांचा रस घालायचा आणि चांगलं उकळू द्यायचं. आंबटाने खाज मोडते. काकडं नसली तर चिंच चालते, पण चव ती नव्हे. आम्ही यात सोडे घालतो, कोलंबीवाल्यांनी कोलंबी घालावी, शाकाहारी घरात वाल. गरम भाकरीबरोबर पहिला घास घेताना सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. कोणी खाकरलं नाही की ताटं भराभर रिकामी होतात. इतक्या खटाटोपाचं फळ म्हणून सांगते, मटण बाजूला ठेवावं अशी चव असते.

या सगळ्यानंतर ओळखीचे लोक विचारतात, मग कण्हेरीचं काय, बिट्टीचं काय? दोन्ही विषारी. श्रावणात कुंपणावर दिसणारी लाल-पिवळी कळलावी तर मुळापासून फुलापर्यंत विषारी. फुलाचा फोटो मोबाइलवर पाठवून "हे खाऊ का?" असं विचारणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते. ते झाड आपल्या हाताने निवडून, शिजवून खाणारं माणूस समोर भेटेपर्यंत मीही तोंडात घालत नाही. भारंगीची निळसर फुलं अशीच बरेच दिवस नुसती बघत होते. शेजारच्या आजींनी ती उकळून, कडू पाणी पिळून टाकून, मुगाबरोबर करून दाखवली तेव्हा खाल्ली. पांढऱ्या कुड्याची फुलंही खातात म्हणे. आमच्या कुंपणाला कुडा आहे, आणि तो करणारं कोणी आळीत आहे का याची चौकशी सध्या चालू आहे.